बिघडलेला सांधा घेऊनच जा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ महिन्यांपासून घराच्या एका कोपऱ्यात एकट्यानं सुतारकाम चाललंय. एक स्टूल, दोन मांडण्या आणि एक पेटी झाली. पण रंधा लाकूड फाडतो, डव्हटेलच्या सांध्यात (दोन फळ्यांची टोकं पक्ष्याच्या शेपटीसारख्या खाचांत गुंतवतात तो) फटी राहतात, पेटीचं झाकण वाकलंय. हौशी सुतारांचा एक गट महिन्यातून दोनदा एकत्र बसून काम करतो, त्यांनी बोलावलंही आहे. पण एखादी वस्तू दाखवण्याजोगी झाली की मगच जावं असं वाटतं. तोवर कोणती हत्यारं घ्यावीत आणि कशाचा सराव करावा?

तोवर काहीच करू नका, या वेळीच जा. आणि जाताना ती पेटी, ते वाकलेलं झाकण आणि तो रंधा, तिन्ही बरोबर न्या.

हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. मी बावीस वर्षं हौसेनं सुतारकाम करते आहे. त्यातली पहिली चार वर्षं मी तुमच्यासारखीच ‘थोडं जमलं की जाऊ’ म्हणत एकटीनं काढली. त्या चार वर्षांत मी जे शिकले त्याहून जास्त पुढच्या सहा महिन्यांत शिकले. लोक फार थोर होते असं नाही. सुतारकामातल्या बऱ्याच चुका करणाऱ्याला दिसतच नाहीत, शेजारी उभ्या असलेल्याला मात्र लगेच दिसतात, एवढंच त्याचं कारण.

करवतीचंच घ्या. माझी करवत नेहमी रेषेच्या उजवीकडे जायची. मी करवत बदलली, रेषा जाड आखली, नंतर बारीक आखली, काही उपयोग झाला नाही. गटातल्या एका काकांनी मला दोन काप घेताना पाहिलं आणि म्हणाले, “तुझा खांदा रेषेच्या मागे नाहीये, बाजूला आहे.” मी मागचा पाय अर्धं पाऊल सरकवला. खांदा, कोपर, मनगट आणि करवत एका रेघेत आली आणि काप सरळ गेला. काप घेताना आपली नजर रेषेवर असते, कोपराकडे कोण बघणार? वर काकांनी तर्जनी करवतीच्या मुठीवर पुढे ताठ ठेवायला लावली आणि मूठ सैल करायला सांगितली. घट्ट धरलेली करवत वळते, हे मला चार वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

दोष हाताचा की हत्याराचा, हे ओळखायचा एक सोपा उपाय चार माणसांतच करता येतो. दुसऱ्याची करवत घ्या आणि तशीच रेषा कापून पाहा. तरीही काप उजवीकडे गेला तर दोष उभं राहण्यात आहे. सरळ गेला तर तुमच्या करवतीचे दात एका बाजूला जास्त वळलेले असणार. मग त्या बाजूनं दातांवर धारेचा बारीक दगड एक-दोनदा हलका फिरवायचा आणि पुन्हा कापून पाहायचं. एकट्या माणसाकडे तुलना करायला दुसरी करवतही नसते आणि दुसरा हातही नसतो.

धारेच्या बाबतीत तर ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. तुमचा रंधा लाकूड का फाडतो याचं पहिलं उत्तर, न पाहताही सांगते, धार कमी पडते आहे. “मी धार लावली आहे,” असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचे. पण खरी धार कशी असते हे ज्यानं कधी हातात घेऊन पाहिलं नाही, त्याला आपली धार पुरेशी आहे की नाही हे कशावरून कळणार? साध्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. गटातल्या कुणाचा तरी नीट लावलेला रंधा एकदा चालवून बघा. कागदाच्या निम्म्या जाडीचा, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड छिलका निघतो. तो आवाज आणि हाताला लागणारी ती सहजता एकदा अनुभवली की घरी कुठवर पोचायचं हे कळतं. ते वाचून समजत नाही.

आता लावायची कशी ते. बहुतेक पटाश्या आणि रंध्याची पाती २५ अंशांच्या उतारावर घासलेली येतात. टोकाशी ३० अंशांचा एक अगदी बारीक दुसरा उतार दिला की पुरतं. दर वेळी पूर्ण उतार घासायची गरज नसते. १००० क्रमांकाच्या दगडावर घासताना पात्याच्या पाठीमागे बोटाला खरखरीत बर (घासताना धारेवरून मागे वळलेली बारीक कड) लागेपर्यंत थांबायचं नाही. ती बर धारेच्या पूर्ण रुंदीभर आली पाहिजे. मध्ये आली आणि कोपऱ्यात नाही, तर कोपरा बोथट आहे. मग ६००० किंवा ८००० च्या दगडावर उतार आणि पाठ आलटून पालटून. आणि पाठ! नवी माणसं उतारच घासत बसतात. धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे भेटतात ती रेघ. पाठ टोकाजवळ सपाट आणि चकचकीत नसेल तर उतार कितीही घासा, ती रेघ तयारच होत नाही. हे काम प्रत्येक पात्याला एकदाच करावं लागतं, पण ते टाळून चालत नाही. धार आली का हे बघायला पाइनसारख्या मऊ लाकडाचं आडवं टोक, म्हणजे जिथे तंतू आडवे कापलेले असतात ती बाजू, पटाशीनं तासा. मऊ लाकडाचे तंतू बोथट धारेखाली चिरडतात, कापले जात नाहीत. कापलेली जागा गुळगुळीत, चमकदार दिसली तर धार आहे. पांढुरकी, पिठूळ दिसली तर परत दगडाकडे.

धार चांगली असूनही लाकूड फाटत असेल तर रेषेची दिशा बघा. फळीच्या कडेला तंतूंच्या रेषा वर चढत जाताना दिसतात. त्या चढत जातात त्या दिशेनं रंधा चालवायचा. उलट दिशेनं गेलात तर पातं तंतूंच्या खाली शिरतं आणि ते कापण्याऐवजी उपटून काढतं. गाठीभोवती दिशा दोनदा बदलते. तिथे छिलका बारीक करा आणि पात्यावरची दाबपट्टी धारेच्या अर्ध्या मिलिमीटरहून जवळ आणा. मग वर निघालेला तंतू फाटत पुढे जायच्या आधीच मोडतो.

आता झाकण. याच्यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी फजिती इथेच झाली आणि ती मला एकटीला कधीच उलगडली नसती.

मी एका संदुकीला ३२० मिलिमीटर रुंदीचं अखंड फळीचं झाकण केलं होतं. ते वाकू नये म्हणून खालून दोन आडव्या पट्ट्या पूर्ण लांबीभर गोंद लावून चिकटवल्या. चार महिन्यांत झाकण मधोमध तडकलं. मी गोंदाला दोष दिला. दुसरं झाकण केलं, गोंद दुप्पट लावला, तेही तडकलं. मग लाकूडच वाईट ठरवलं. गटात ते झाकण नेलं तेव्हा एका बाईंनी ते उलटं केलं, पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि एकच प्रश्न विचारला: “हे केलंत तेव्हा हवा दमट होती का?” होती.

लाकूड सुकताना आणि दमट होताना आकार बदलतं, हे मला ऐकून माहीत होतं. पण ते सगळ्या दिशांनी सारखं बदलत नाही. लांबीच्या दिशेनं ते जवळजवळ हलतच नाही. वार्षिक वलयांच्या समांतर दिशेनं ते सगळ्यात जास्त आटतं आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं त्याच्या साधारण निम्मं. ओल्या लाकडापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत सागवान वलयांच्या दिशेनं सुमारे ५.८ टक्के आणि त्याच्या काटकोनात सुमारे २.५ टक्के आटतं. लाल ओकचे हेच आकडे ८.६ आणि ४ टक्के आहेत. हे आटणं लाकडातली आर्द्रता साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेली की सुरू होतं आणि लाकूड वाळून वस्तू तयार झाली तरी थांबत नाही. हवा बदलली की लाकडाची आर्द्रता ८ वरून १२ टक्के, पुन्हा १२ वरून ८ टक्के अशी वर्षानुवर्षं होत राहते. एवढ्या फरकात ३०० मिलिमीटर रुंदीची, वलयं रुंदीला समांतर असलेली सागवानी फळी सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास हलते, ओकची चारच्या आसपास.

माझं झाकण रुंदीत आक्रसू पाहत होतं आणि खालच्या पट्ट्या आपल्या लांबीत हलायला तयार नव्हत्या. गोंद मजबूत होता, म्हणूनच लाकूड फाटलं. तिसऱ्या झाकणाच्या पट्ट्या मी स्क्रूनं बसवल्या: मधला स्क्रू घट्ट, कडेचे स्क्रू लांबट भोकांत, म्हणजे फळीला सरकायला जागा. गोंदाचा थेंबही नाही. ते झाकण आज सतरा वर्षं शाबूत आहे. चौकटीच्या दारात मधली फळी खाचेत सैल ठेवतात, चिकटवत नाहीत, तेही याच कारणानं.

तुमचं झाकण तडकलेलं नाही, वाकलंय. त्याच्या आडव्या टोकाची वलयं बघा. ती कमानीसारखी दिसत असतील तर सुकताना ती कमान सरळ व्हायला बघते आणि फळीच्या कडा सालीच्या बाजूला उचलल्या जातात. दुसरी शक्यता अशी की वरून पॉलिश केलं आणि आतली बाजू कोरी राहिली. मग एका बाजूनं ओल लवकर आत-बाहेर होते, दुसरीकडून सावकाश. दोन्ही बाजूंना सारखंच पॉलिश हवं, आत कुणी बघणार नसलं तरी.

तर जाताना काय न्यायचं? बिघडलेली वस्तू, पण सजवलेली नाही. ज्या फटी तुम्ही भुसा-गोंद भरून बुजवल्या, त्यांतच उत्तर होतं. एका डव्हटेलच्या कोपऱ्याला सरळ मधोमध कापा. आत कुठे टेकलंय, कुठे मोकळं आहे हे उघडं दिसतं. बहुतेकदा पटाशीनं काढलेल्या खाचेचा तळ मध्यभागी फुगीर राहिलेला असतो आणि त्यामुळे सांध्याचे खांदे टेकत नाहीत. पॉलिश पेपरनं रंध्याचे ओरखडे पुसू नका. रंध्याला निघायच्या आधी मुद्दाम धार लावू नका. ज्या धारेनं लाकूड फाटलं तीच घेऊन जा. आणि तुकड्यावर पेन्सिलीनं लिहा: कुठलं लाकूड, घरात आणून किती दिवस झाले, कधी कापलं, कोणत्या क्रमानं आखलं. ‘माझे सांधे बसत नाहीत’ या प्रश्नाला दहा उत्तरं आहेत. ‘सुरीनं आखलं, करवतीनं रेषेच्या आत कापलं, उरलेलं पटाशीनं एकाच बाजूनं काढलं’ एवढं सांगितलंत की समोरचा बहुधा तिसऱ्या वाक्यालाच थांबवतो. पटाशी दोन्ही बाजूंनी अर्धी अर्धी चालवायची असते.

तिथे मतभेद ऐकून गोंधळू नका. डव्हटेलमध्ये आधी शेपट्या कापायच्या की आधी खुंट्या, यावर दोन माणसं तासभर बोलतील. दोन्ही पद्धती शेकडो वर्षं चालत आल्यात. जपानी करवत ओढताना कापते, त्यामुळे तिचं पातं पातळ ठेवता येतं. पाश्चात्त्य करवत ढकलताना कापते. ज्याला जी सवय, ती त्याला श्रेष्ठ वाटते. तुम्ही कुणा एकाची पद्धत निवडा आणि दहा सांधे त्याच पद्धतीनं करा. दर सांध्याला पद्धत बदललीत तर चूक कुठली आणि सवयीचा अभाव कुठला, हे सांगणं कुणालाही जमणार नाही.

काही गोष्टी मात्र मतांच्या नाहीत. त्यांत कुणी कितीही अनुभवी माणूस वेगळं सांगो, ऐकू नका. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे आणि सैल बाह्या नकोत. पातं कापड पकडतं आणि हात ओढून नेतं. टेबल सॉच्या (टेबलातून वर आलेल्या फिरत्या यंत्रकरवतीच्या) पात्यामागची पाचर-पट्टी काढू नका. कापलेलं लाकूड मागे मिटून पात्याला चिकटलं की तुकडा तुमच्या अंगावर फेकला जातो, आणि तो तुम्हाला दिसायच्या आत येतो. लाकडाची धूळ निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये तिला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं, विशेषतः नाकाच्या पोकळीतल्या कर्करोगासाठी. जमिनीवर पडणाऱ्या भुशाचा प्रश्न नाही. पॉलिश पेपर आणि यंत्रानं उडणारी, न दिसणारी धूळ घातक आहे. तिच्यासाठी एन-९५ किंवा त्या दर्जाचा मास्क लावा, कापडी रुमाल नव्हे. आणि जवसाचं तेल लावलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर टाकतं, बोळ्यात ती साठते आणि फडकं आपोआप पेटतं. सुटं पसरून मोकळ्या हवेत वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. नव्या गटात हे नियम पाळले जात नाहीत असं दिसलं तर त्या गटात यंत्राला हात लावू नका. मला माणसं आवडतात, पण बोटंही आवडतात.

हत्यारांबद्दल विचारलंत. आत्ता काही घेऊ नका. गटात बाकाबाकावर वेगवेगळी हत्यारं असतील. विचारून वापरून बघा, मग ठरवा. तरी सुरुवातीला काय पुरतं ते सांगते: बारीक दातांची एक पाठकण्याची (पात्याच्या वरच्या कडेला ताठ पट्टी असलेली) करवत, १२ आणि २० मिलिमीटरच्या दोन पटाश्या, एक रंधा, गुण्या, आखणीची सुरी, लाकडी हातोडा, धारेचे दोन दगड आणि शक्य तितके शिकंजे (क्लॅम्प). रंध्याचा क्रमांक विचारला जाईल. स्टॅन्ली या अमेरिकी हत्यार-कंपनीनं १८६९ मध्ये लेनर्ड बेलीचा रंधे बनवायचा व्यवसाय घेतला, तेव्हापासूनचे ते क्रमांक आजही जगभर चालतात. चार क्रमांकाचा रंधा गुळगुळीत करायला, सात क्रमांकाचा, साधारण ५६० मिलिमीटर लांबीचा, फळ्यांच्या कडा सरळ करायला. एकच घ्यायचा तर पाच क्रमांकाचा. तो दोन्ही कामं करतो. एकही सर्वोत्तम करत नाही, पण शिकायला तोच बरा. जुना मिळाला आणि तळ फुटलेला नसेल तर जुनाच घ्या, गंज घासून जातो.

दुसऱ्याचं हत्यार वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पटाशी उसनी घेतलीत तर धार लावूनच परत करा, आणि लावता येत नसेल तर तसं सांगा, तो आनंदानं शिकवेल. पटाशीनं डबा उघडलात तर पुढच्या वेळी कुणी देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

सरावासाठी मोठी वस्तू निवडू नका. स्वीडनमध्ये नॅस इथे ओटो सॉलोमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षकांना लाकूडकाम शिकवलं. त्या पद्धतीला स्लॉइड म्हणतात, आणि अनेक देशांतून शिक्षक ती शिकायला तिथे जात. तिच्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे वस्तूंचा क्रम: प्रत्येक वस्तू घरात वापरता येईल अशी, आणि प्रत्येकीत आधीच्यापेक्षा एखादीच नवी करामत. तुम्ही एकदम पेटीवर उडी मारलीत, तिच्यात सहा नव्या गोष्टी एकत्र आल्या. आधी बाकाला अडकवून करवतकामाला आधार देणारी छोटी फळी करा. तिच्यात फक्त काटकोन शिकता येतो. मग स्वतःचा लाकडी हातोडा. त्यात एक आरपार खाच आणि एक मूठ. मग साध्या सांध्याचा ट्रे. मग पुन्हा पेटी.

आणि तुम्ही गटाला काय द्याल, असा जो संकोच तुमच्या प्रश्नात दिसतो, त्याबद्दल. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात निवृत्त पुरुषांसाठी ‘मेन्स शेड’, म्हणजे एकत्र काम करायच्या सामायिक कार्यशाळा, सुरू झाले. २००७ मध्ये त्यांची देशव्यापी संघटनाही उभी राहिली. तिथे लोक कामाच्या निमित्तानं येतात, पण एकटेपणा जावा हा मूळ हेतू कुणी लपवत नाही. समोरासमोर बसून बोलायला अवघड जाणारी माणसं एकाच फळीची दोन टोकं धरून सहज बोलतात. अडीच मीटरची फळी धरायला दुसरा माणूस लागतो. गोंद लावल्यावर दहा मिनिटांत आठ शिकंजे आवळायचे तर चार हात लागतात. हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून येतं. शिवाय तुमच्या वाकलेल्या झाकणाभोवती जे चार जण जमतील, त्यांतल्या किमान एकाच्या घरी तसंच झाकण असेल आणि त्यानं ते कुणाला दाखवलेलं नसेल.

तेव्हा झाकण टाकू नका. पेटीपासून सुटं करा, दोन आठवडे भिंतीला उभं टेकवून दोन्ही बाजूंना सारखी हवा लागू द्या आणि वाक कमी होतो का ते सरळ पट्टी लावून मोजा. जाडी १८ मिलिमीटरच्या वर असेल तर रंधून पुन्हा सपाट करता येईल. त्याहून कमी असेल तर उभं चिरून तीन पट्ट्या करा, आणि त्या पुन्हा कडेनं जोडा. कडा सरळ रंधायला सात क्रमांकाचा रंधा लागेल. तो तिथे कुणाकडे तरी असेलच.